आबांचा जांभळा सदरा

देवपूर, रविवार, दिवेलागणीला

आत्ता कुठे हात धुतले. नखांतला जांभळा रंग काही जात नाही, पण जीव भांड्यात पडला.

उशीच्या अभ्र्यांसाठी सासऱ्यांचा जुना सदरा रंगवायला घेतला होता. आबांचे सगळे सदरे पांढरे, एकाच शिंप्याने शिवलेले. जुना कोणता नि नवा कोणता, कसं कळावं? दोरीवरचा एक ओढला, जागोजागी हरभऱ्याचा दाणा घालून दोऱ्याने गाठी बांधल्या आणि रंगात बुडवला. वाळल्यावर गाठी सोडते तर कॉलर अगदी कडक! उद्या एरंडोलला पुतण्याचा साखरपुडा, हा त्यासाठीच शिवलेला नवा सदरा. कात्री लावली नव्हती, एवढंच नशीब. पण जन्मात पांढऱ्याशिवाय काही न घातलेल्या माणसापुढे हा न्यायचा कसा?

शेवटी नेलाच. आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी उलटसुलट पाहिला, एका पांढऱ्या गोलावरून बोट फिरवलं.

"हाई काय शे?"

"हरभरा, आबा. दाणा बांधला की तेवढी जागा पांढरी राहते."

ते उठून आत गेले आणि चक्क अंगात घालूनच बाहेर आले.

"साखरपुड्याले हाऊच घालसू."

हसू की रडू? उगाच दुपारभर काळीज कुरतडून घेतलं मी.

हे लिहितेय तोवर आबा दारात. डोक्यावरची पांढरी टोपी काढून माझ्यापुढे धरली.

"हाईबी करी दे."

दुसऱ्या मुठीत हरभरे होते.