जवळा बाजार ते सिद्धेश्वर, पायी

१२ जानेवारी
गावातलं युवक दिनाचं भाषण गाजलं. विषय व्यसनमुक्ती होता, मी बॅकपॅकिंगवर गेलो. पाठीवर ओझं घेऊन जो एकटा चालला नाही, त्याला स्वातंत्र्य कळलंच नाही! टाळ्या. त्या भरात जाहीर केलं: रविवारी सिद्धेश्वर धरणापर्यंत एकटा पायी जाईन. नाही पोचलो तर पुन्हा माईक हातात धरणार नाही. माईक म्हणजे माझा प्राण. आता माघार नाही.

१४ जानेवारी
बॅग भरली. तंबू, चादर, सात जाड पुस्तकं. उचलेना. तंबू आणि चादर काढली. बायको दीक्षा म्हणाली, धरणावर वाचनालय काढून राहिले का? प्रत्येक क्रांतीला पहिला विरोध घरातूनच होतो.

१७ जानेवारी
सराव. बॅगेसह अंगणातून फाटकापर्यंत. दम उत्तम. शक्ती राखण्यासाठी झोपलो.

१८ जानेवारी, सकाळी
निघालो. दीक्षाने डबा दिला. स्वावलंबनाच्या तत्त्वावर नाकारला.

थोड्या वेळाने
गावातल्या धर्मसिंगने मोटारसायकल थांबवली. "काहून सर, घरी वाजलं का?" त्याला बॅकपॅकिंग सविस्तर समजावलं. म्हणाला, "व्हय, राग येतोच. वहिनीनं डबा बी दिला न्हाई का?" दिला होता, मीच घेतला नाही, म्हणालो. त्याचा चेहरा पडला. गाडी वळवून सुसाट गावाकडं.

दुपारी
बांधावर टेकलो होतो. तंटामुक्ती समिती आली. अध्यक्ष नर्मदाबाई म्हणाल्या, "लेकरा, एवढ्यासाठी घर सोडतेत का?" भांडण झालंच नाही, म्हणालो. "समदे असंच म्हणतेत." मागे निम्मं गाव जमलेलं. रानात एवढे श्रोते पुन्हा कधी मिळणार? उभा राहिलो. विषय: प्रवास आणि मुक्ती.

संध्याकाळी
भाषण संपलं तेव्हा दिवस मावळत होता. धर्मसिंग दीक्षाला घेऊन आला. नर्मदाबाईंनी आम्हाला एकमेकांना गूळ भरवायला लावला. न झालेला तंटा मिटला. टाळ्या झाल्या; माझ्या भाषणाला झाल्या त्याहून जास्त. गूळ खाताना दीक्षाने माझं बोट चावलं. घराकडं वळलो तर गावची पाण्याची टाकी अगदी समोर. चाल मंद होती, पण वैचारिक होती.

१९ जानेवारी
शब्द म्हणजे शब्द. आजपासून माईक बंद. मात्र बिनमाईकच्या भाषणावर कुणाची बंदी नाही. चळवळ घरापासूनच सुरू व्हावी म्हणून स्वयंपाकघरात उभा राहिलो. "बंधू आणि भगिनींनो" एवढं म्हणेपर्यंत दीक्षाने मिक्सर सुरू केला.
शेंगदाण्याची चटणी फार बारीक झाली.