चिंचेच्या पाण्यातले मोती

काटोल, ३ फेब्रुवारी २०२४

ती. प्रेमाताईस,
सविनय जयभीम वि. वि.

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानं जोडतेस, म्हणून हे कागदावर. दीड वर्ष शेततळ्यात जपलेल्या शिंपल्यांतून मोती निघाले, ताई! नमुन्याचे तीन माझ्या लेकीसोबत, मेघासोबत बसने पाठवते आहे. इतवारीतल्या तुझ्या ओळखीच्या गोपाळराव सराफांना दाखव. त्यांनी मोती खरे ठरवले तर सगळे तेच घेणार आहेत. नाहीतर मेघाच्या बाबांनी सांगून ठेवलं आहे, की तळ्यात मासे सोडायचे आणि मी पुन्हा हिंगण्याच्या कारखान्यात पाळीवर जायचं. मला जायचं नाही. तिघांतला एक वाकडा आहे, त्याला हसू नकोस.

माझ्यावर आहे तेवढाच लोभ मोत्यांवरही असू दे.

तुझी जया

सक्करदरा, ८ फेब्रुवारी

चि. जयास अनेक आशीर्वाद.

मन घट्ट करून वाच. सराफाकडे न्यायच्या आधी चकचकीत करावेत म्हणून तुझे मोती आणि तुझ्या भाऊजींनी हैदराबादहून आणलेला माझा मोत्यांचा सर, पौर्णिमेच्या वंदनेची पितळेची भांडी भिजवली त्याच चिंचेच्या पाण्यात दिवसभर ठेवले. वाकडा तेवढा पुडीतच राहिला. संध्याकाळी बघते तर माझा सर लखलखीत, आणि तुझे दोन्ही मोती खडूसारखे! आता खरं कोण ते तूच ठरव. मी दुकानात गेलेच नाही. बहिणीचं हसं कशाला करू? रडू नकोस वं, मेघाच्या बाबांना, धम्मानंदांना मी समजावीन.

तुझ्यावर जीव आहे म्हणूनच स्पष्ट लिहिलं.

तुझी ताई

काटोल, १२ फेब्रुवारी

ती. ताईस,
जयभीम वि. वि.

अगं, मोती का पितळ आहे? शिंपला चुन्यासारखे थर चढवून तो घडवतो, आंबट लागलं की झिजतो. तुझ्या चिंचेनं माझे मोती खरे ठरवले! ज्याला काहीच झालं नाही त्याच्याबद्दल लिहवत नाही, भाऊजींचं नाव त्यात येतं. वाकडा मोती दाताच्या कडेवर हळूच घासून बघ, बारीक रेतीसारखा लागेल. मग सराचा मणी घास. आणि तशीच ऊठ, ते खडू घेऊन गोपाळरावांकडे जा. रविवारी मासोळीचं बीज येऊन राहिलं आहे.

रागावले असले तरी पाया पडते.

जया

सक्करदरा, १६ फेब्रुवारी

चि. जयास पोटभर आशीर्वाद.

घासला. तुझा खरखरीत, माझा शर्टाच्या गुंडीसारखा गुळगुळीत. तुझ्या भाऊजींच्या फोटोकडे बघून आधी रडले, मग हसले. भोळा माणूस, गाडीत कोणीतरी त्यांच्या गळ्यात मारला असणार.

मग दुकान गाठलं. गोपाळरावांनी वाकडा भिंगाखाली बराच वेळ फिरवला. तुझे खडू एकमेकांवर घासले तर काळ्या मखमलीवर पांढरी भुकटी पडली आणि खालून चमक आली! म्हणाले की सगळे घेतो, एकही परत नेऊ नका, वाकड्यांची कर्णफुलं करतो, आणि ताई, पुढच्या वेळी चिंच भाजीत घाला. मी चिडले नाही. दुकानातल्या सगळ्या बायांना सांगितलं, की हे माझ्या बहिणीनं काटोलात पिकवले. दोघींना दाताला लावायलाही दिले!

धम्मानंदांना सांग, बीज परत करा, तळं जयाचं आहे.

तुझ्या भाऊजींचा सर मी घालणारच. फक्त मधला मणी काढून तिथे तुझा खडू ओवायला गोपाळरावांकडे ठेवला आहे. त्यांच्या सरात एक तरी खरा असावा.

तुझ्या अभिमानानं ताठ झालेली,
ताई