वाकळीची उजवी कड

३ जुलै, गुरुवार

आजही बाहेर नाही. दुपारी कचरा टाकायला फाटकापर्यंत गेले, कडीचा चटका बसला, परत आले. तेवढंच.

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. सासूबाईंनी गावाहून येताना बॅगेत जुनी लुगडी भरून आणलीत. महेश विमानतळावरच चिडला होता, "आई, लोक लोणचं आणतात गं." आता ती लुगडी, त्याचे विटलेले शर्ट, आरोहीचे आखूड झालेले युनिफॉर्म, सगळं सोफ्यापासून टेबलापर्यंत अंथरलंय. वाकळ शिवतायत. (माझी मम्मी गोधडी म्हणते. सा.बा.ना तो शब्द आवडत नाही. "ती शहरातली.")

इथे कशाला वाकळ, म्हटलं. म्हणाल्या, "भाईर भट्टी आन घरात हिवाळा. तुमाला न्हाय लागत, मला लागती."

बरोबर आहे. ए.सी. बंद केला की भिंती तापतात. चालू ठेवला की पाय गारठतात. ऑगस्टच्या शेवटी त्यांचा व्हिसा संपतो, त्या जातील. मी इथेच.

८ जुलै, मंगळवार

मदिनत खलीफा भागातल्या एका क्लिनिकमधून फोन. लॅब टेक्निशियन हवीय. मी मार्चमध्ये अर्ज टाकला होता, विसरूनही गेले होते. बाई चांगली बोलली, हिंदीत. इन्शाल्ला ऑगस्टमध्ये जागा भरायची म्हणाली.

महेश साइटवरून आल्यावर सांगितलं. बूट काढता काढता म्हणाला, "चांगलंय की. पण आरोहीचं काय? सुट्टी आहे. नंतर शाळा सुटल्यावर कोण?"

मी म्हटलं बघू.

"बघ, मी नाही म्हणत नाहीये."

तो नाही कधीच म्हणत नाही. इथे आखातात, उम्म सलालला येऊन सहा वर्षं झाली. साताऱ्याच्या लॅबमध्ये सकाळी माझ्यासमोर रांग लागायची. बाया ओरडायच्या, ताई हळू टोचा. इथे खिडकी एकच, तिच्यासमोर घरमालकाच्या व्हिलाची भिंत. भिंतीवर एक पाइप.

१३ जुलै, रविवार

आज हसू आलं आणि मग नाही आलं.

सा.बा. चहाला उठल्या तर सगळी वाकळ त्यांच्याबरोबर उठली. स्वतःचा पदर शिवून टाकला होता तिच्यात, चांगला वीतभर. आरोही गडाबडा लोळली. "आज्जी, यू आर स्टक!" सा.बा.ही हसल्या. मी खाली बसून टाके उसवायला घेतले.

उसवताना दिसलं. डाव्या बाजूचे टाके तांदळाच्या दाण्यांसारखे, एकामागे एक. उजवीकडे येता येता ओळ खाली घसरते आणि कडेला पोचतच नाही. कड रिकामी. एका ठिकाणी ठिगळावर ठिगळ.

"आई, ही कड राहिलीय."

"राहू दे. मागनं घ्यायची हाय."

लग्नात आम्हाला दिलेल्या वाकळीवर एक टाका वाकडा नव्हता.

१६ जुलै, बुधवार

बघत राहते त्यांच्याकडे. टीपॉयला उजवा गुडघा आपटतात. रोज. पाण्याचा ग्लास उजवीकडे ठेवला तर विचारतात, पाणी दिलं का. डावीकडे ठेवला तर घेतात.

विचारलं, "दिसायला त्रास होतोय का?"

"उजेड कमी हाय तुमच्या घरात."

तोही कमी आहेच.

२२ जुलै, मंगळवार

हवा दमट झालीय. सकाळी खिडकीच्या काचेला बाहेरून पाणी. आरोहीने बोटाने नाव लिहायचा प्रयत्न केला, बोट आतून, पाणी बाहेर. रडकुंडीला आली. दुपारी तिला कंटाळा, मला कंटाळा. शेवटी मीही सुई घेतली आणि वाकळीच्या दुसऱ्या टोकाला बसले. सा.बा.नी हाताने चाचपून माझे टाके बघितले. डोळ्याने नाही.

"लांब टाकं घालू नगं. पायाची बोटं अडकत्यात रातीला."

दोरा मी ओवून देते. न मागता. त्या घेतात.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

आज सुई धरायची नाही, चिरायचं नाही, कापायचं नाही. पुरणाचे दिंड केले. महेशला डब्यात दिले. वाकळ घडी घालून सोफ्यावर. हॉल एकदम मोठा वाटला, आणि आम्हा दोघींना हातांचं काय करायचं कळेना.

आरोही टॅबवर. सा.बा. खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्याच बोलल्या.

"कडंकडंनं अंधार येतुया. मागल्या दसऱ्यापास्नं. मदी दिसतं, चांगलं दिसतं. बाजूचं जातं."

मी म्हटलं, डॉक्टरकडे जायला हवं, लगेच.

"गावाला गेल्याव दाखवंन. म्हेशला सांगू नगं. त्याला कळलं की मला हितंच ठेवंल."

"ते तुमच्या काळजीने—"

"काळजीनंच ठेवंल. म्या काय म्हंते, हितं करू काय म्या? तितं सकाळी दार उघडलं की मानूस दिसतं. हाक मारली की जाऊ येती. हितं दार उघडलं तर दार बंद कर म्हनता, हवा जाती."

मग माझ्याकडे वळून, अगदी साधेपणाने: "तुला सवय झालीया. मला न्हाय व्हायची."

पदरावर हात ठेवून घेतला माझा. शब्द घेतला. मी दिला की नाही आठवत नाही. हात काढून घेतला नाही, एवढं खरं.

३१ जुलै, गुरुवार

काचबिंदू असेल तर गेलेलं परत येत नाही. उरलेलं थांबवता येतं. लॅबमध्ये डोळ्यांच्या दवाखान्याचे पेशंट यायचे, त्यांची बोलणी ऐकलीत. जेवढा उशीर तेवढं...

क्लिनिकवाल्या बाईचा पुन्हा फोन. "आप सोच के बताइए." जागा अजून रिकामी.

दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात ठेवायला नको वाटतं. पण डोकं एकच आहे.

१ ऑगस्ट, शुक्रवार

सांगितलं.

किराणा आणायला गेलो होतो. सा.बा. आणि आरोही आत, थंडाव्यात, बाकावर. आम्ही दोघं गाडीत सामान भरत होतो. पार्किंगमध्ये उभं राहवत नव्हतं, महेश गाडीत बसला, मीही बसले, आणि सांगून टाकलं. पदराचं, कडेचं, ग्लासचं. त्यांनी सांगू नको म्हटलं होतं तेही.

तो स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिला. "बरं झालं बोललीस. बाबांच्या वेळी मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं, स्मिता. आईचं तसं नको."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मग डोळे पुसून म्हणाला, "आई राहीलच आता इथे. व्हिसाचं मी बघतो. आणि तुझंही काम होईल बघ. आरोहीजवळ कुणीतरी असेल घरात. तू कळवून टाक क्लिनिकला."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी सीटबेल्ट लावला.

५ ऑगस्ट, मंगळवार

काचबिंदूच. उजवा डोळा जास्त, डावा थोडा. डॉक्टर केरळच्या, शांत, हिंदी बेताची. मी सा.बा.ना मराठीत सांगत होते. थेंब रोज, वेळेवर, कायमचे. दर काही महिन्यांनी तपासणी. गेलंय ते गेलं.

सा.बा.नी एकच प्रश्न विचारायला सांगितला. "गावाला ऱ्हाऊ शकते का, इचार."

विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, कुठेही राहा, थेंब चुकवू नका, तपासणी चुकवू नका.

महेश मध्येच इंग्रजीत म्हणाला, शी लिव्ज अलोन, डॉक्टर, नॉट पॉसिबल.

मी डॉक्टरांचं मराठीत सांगितलं. महेशचं नाही सांगितलं. सा.बा.नी त्याच्या तोंडाकडे बघितलं होतं, त्यांना काय कळायचं ते कळलं.

घरी आल्यावर त्यांनी वाकळ गोळा केली, बॅगेत कोंबली, चेन लावली.

७ ऑगस्ट, गुरुवार

थेंब मी घालते. मान वर करतात, छताकडे बघतात, मी घालते, डोळे मिटतात. "झालं?" "झालं." दिवसभरात आमचं बोलणं एवढंच.

आरोहीने विचारलं, "व्हाय इज आज्जी नॉट स्टिचिंग?" म्हटलं, दमलीय. सा.बा. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "दमले न्हाय."

महेशने येताना बसबुसा आणला, इथली रव्याची मिठाई, माझ्या नोकरीची म्हणून. मी अजून हो कळवलेलं नाही, त्याने धरूनच टाकलंय. सा.बा.समोर डबा उघडला. त्यांनी एक तुकडा घेतला, तसाच हातात धरून बसल्या. तो आत गेल्यावर हळूच म्हणाल्या, "त्याला घरात एक बाई पुरंना."

रागाने नव्हे. हिशेब लागल्यासारखं.

११ ऑगस्ट, सोमवार

सकाळी उठून बघते तर वाकळ पुन्हा अंथरलेली. सा.बा. डाव्या अंगठ्याने कड शोधत, चाचपत, सुई घालतायत. टाके वाकडे. पण कडेपर्यंत.

समोर बसले. मग म्हटलं, "आई, मला एक सांगायचंय. क्लिनिकचा फोन तुमचं कळायच्या आधीच आला होता. जुलैमध्ये. तुम्ही राहिलात तर मला जाता येईल, हे महेश म्हणायच्या आधी माझ्या मनात आलं होतं."

सुई थांबली.

"म्हंजी डोळ्यासाठी सांगितलं न्हाईस?"

"डोळ्यासाठीच सांगितलं. पण ते पण होतं."

त्यांनी दोरा दाताने तोडला. मला वाटलं उठून जातील. उठल्या नाहीत.

"तुलाबी भाईर जायाचं व्हतं व्हय. मला वाटलं तुला गोड लागतंय हितं."

मी मान हलवली. त्यांना दिसली का माहीत नाही, म्हणून तोंडाने नाही म्हटलं.

"मग इचारायचं मला. आई, चार म्हैने ऱ्हाता का, पोरीकडं बघता का. ऱ्हायले असते. आपल्या मनानं ऱ्हायले असते." सुई माझ्यापुढे धरली, ओवायला. "ठेवून घेनं येगळं आन ऱ्हानं येगळं."

आता विचारू का, म्हटलं.

"आता कसं इचारशील. आता तर ठरलंय."

१५ ऑगस्ट, शुक्रवार

महेश घरी. दुपारची जेवणं झाली, वरण-भात, अळूवडी. आरोही सोफ्यावर झोपलेली. सा.बा.नी हात धुतले, खुर्ची ओढून महेशसमोर बसल्या.

"म्हेश, माझं ते पासपोर्ट कुठं हाय?"

"कपाटात. सगळ्यांचे तिथेच आहेत. का गं?"

"माझ्यापाशी दे."

तो हसला. "काय करणार तू त्याचं?"

"काय न्हाय. माझ्यापाशी असू दे."

"आई, हरवेल. व्हिसाला लागणार आहे परवा."

"लागंल तवा माग माझ्याकडं. म्या दीन. न्हाय तर न्हाय देनार. पन मागायचं माझ्याकडं."

तो माझ्याकडे बघायला लागला. एरवी अशा वेळी मी काहीतरी बोलून निभावून नेते. आज ताटं गोळा करत राहिले. तो म्हणाला, "मी काय तुला कोंडून ठेवलंय का?" आवाजात राग नव्हता, तो दुखावला होता. साइटवर दिवसभर उन्हात उभा राहणारा माणूस आहे तो, आणि त्याने खरंच कुणाला कोंडायचं ठरवलेलं नाही. सा.बा.नाही ते माहीत आहे. त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. पण मागणं मागे घेतलं नाही.

तो उठला. आतून कपाटाची किल्ली फिरल्याचा आवाज आला. पासपोर्ट आणून त्यांच्या डाव्या हातात दिला. डाव्या बाजूलाच द्यायचं, हे त्यालाही आता कळलंय. त्यांनी उघडून बघितला नाही. बोटांनी पुठ्ठा चाचपला आणि ब्लाउजमध्ये खोचला.

मी ताटं सिंकमध्ये ठेवून आले. "महेश, माझापण दे."

"तुझा? तुला कशाला?"

सहा वर्षांत मागावासा वाटला नव्हता, हे खरं आहे. क्लिनिकला कॉपी लागेल असं म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. नुसती उभी राहिले.

त्याने आणून टेबलावर ठेवला आणि गाडीची किल्ली घेऊन बाहेर गेला. या उन्हात. दार उघडं राहिलं. सा.बा.नी ते लावायला सांगितलं नाही, मीही लावलं नाही. गरम हवा आत येत राहिली.

क्लिनिकला रविवारी सकाळी कळवायचंय. सा.बा. थांबणार की जाणार ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही, मी विचारलेलं नाही. उद्या विचारेन. पासपोर्ट टेबलावरच आहे.