पेरूवरची मैना आणि आरामखुर्चीतलं वानर

चौबे कॉलोनी, रायपूर

प्रिय विनोदिनीताई,

वयानं धाकट्या असलात तरी नणंद आहात, म्हणून आधी नमस्कार. आशीर्वाद त्याच्या मागोमाग घ्यावा. गुडघे कसे आहेत? माझे असून नसल्यासारखे.

रायपूरची राजधानी झाल्यापासून इथे कोण कुठून येऊन बसेल, सांगता येत नाही. सध्या माझ्याकडे दोघं आहेत: एक वानर आणि एक पहाडी मैना (बस्तरच्या जंगलातली, कुणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटली असावी). कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला प्राण्यांच्या तुलना लिहायला लावत, त्या सवयीनं सांगते, वानर बरं. ते दुपारी येतं, तुमच्या भावाच्या आरामखुर्चीत बसतं, पेपर उघडतं, फाडतं आणि जातं. (तुमचे भाऊ फाडत नसत, एवढाच फरक.) दात दाखवतं, म्हणजे मनात काय आहे ते तरी कळतं. मैनेचं काही कळत नाही. काळी कुळकुळीत, मान तिरकी करून बघते आणि अंगणातल्या पेरूवरून तुमच्या भावाच्या, यशवंतरावांच्याच आवाजात विचारते, "विजे, चष्मा कुठं ठेवला वं?"

तुम्ही म्हणाल, ऐकून शिकली असेल. कधी? ते दिवाळीत गेले, ही चैत्रात आली. पहिल्या दिवशी मी सवयीनं "कपाळावर आहे" म्हणाले आणि मग ओट्याला धरून उभी राहिले. खोकलाही त्यांचाच, अर्धा गिळलेला. तो ऐकला की वानर खुर्चीतून उठतं. पळत नाही, बाजूला सरकतं, जागा दिल्यासारखं.

शेजारच्या मंदाकिनीबाई म्हणाल्या, "दीदी, शांत करून घ्या." मी म्हटलं, चाळीस वर्षं माझ्यानं ते शांत झाले नाहीत, तुमचा भटजी काय करणार? आपल्या सौमित्रला नवा रायपूरहून बोलावलं. आवाज ऐकून पोट्टा पांढरा पडला. "मम्मी, चिड़िया है बस," म्हणाला आणि न जेवता गाडीत बसला.

मग मी आठ दिवस उत्तरच दिलं नाही. नवव्या दिवशी ती खिडकीच्या गजावर आली आणि हळूच म्हणाली, "काहून बोलून नाही राहिली वं?"

तेव्हापासून बोलते. संसारात बोललो नसू इतकं बोलणं होतं.

तब्येतीला जपा.

तुमची वहिनी,
विजया

ता. क. मी घाबरून लिहिते आहे असं समजू नये.

आणखी ता. क. परवापासून ती माझं नाव घेत नाही. माझ्याकडे पाठ करून दिवसभर एकच: "विनू, ये वं इकडे." तुम्हाला विनू म्हणणारं दुसरं कोणी उरलं आहे का? जिवंतपणी आधी बहीण, मग बायको; आताही तेच! मिळेल त्या गाडीनं या. काय म्हणायचं आहे ते एकदा ऐकून घ्या, आणि तुमचं झालं की त्यांना सांगा, विजया केव्हाची दारात उभी आहे.