सुषमाला पाठवलेलं वाक्य

मंगळवार, दिवेलागण. अंबड

नातवाशी इंग्रजीत बोलता यावं म्हणून शिकत होतो. आमची लेक सुषमाच म्हणाली होती, "अण्णा, रोज एक वाक्य बोलून पाठवा. मी एकटीच ऐकीन." 'मी देवळात जातो' हे आपल्या सवयीनं जुळवलं: आय टेंपल इन गो. देवळातला 'त' तिकडं देवळाच्या आधी येतो, अन् जाणं त्याच्याही आधी, हे मला कुठं ठाऊक?

आज पारावर शेजारचा सोपान ओरडला, "काय अण्णा, टेंपल इन गो करून राह्यले का?" सगळे हसले. पोरीनं माझा आवाज स्टेटसला लावला होता. फोन केला तर म्हणते, "गोड वाटलं हो!" गोड. एकटीच ऐकीन म्हणाली होती ना? मारुतीपुढं हात जोडले, पण मन लागलं नाही.

आत्ता तिचा मेसेज आला, "आजचं वाक्य?"

मी मराठीत लिहिलं, "जेवलीस का?"