मागचं धूसर करा

सोमवार, ४ मार्च
लागली एकदाची नोकरी! तीही घरबसल्या. ठकी सहा वर्षांची आहे. शाळेतून आल्यावर आता तिला शेजारणीकडे बसायला नको, आई घरातच असेल. याचसाठी तर सहा महिने अर्ज खरडत होते. नवरा बोटीवर, आठवड्यातून एकदा त्याचा फोन. म्हणजे एरवी आम्ही दोघीच एकमेकींना.

काम म्हटलं तर सोपं. यंत्रांची माहितीपुस्तकं तयार करणारे, साहेब धरून बाराजण, बारा घरांतून रोज दहाला मीटिंगला बसतात. ती मी सुरळीत पार पाडायची: सगळ्यांना आत घ्यायचं, बोलायची पाळी लावायची, ज्याच्याकडे कुत्रा भुंकतोय त्याचा माईक बंद करायचा, अर्ध्या तासात आटोपायचं. आज सव्वा तास लागला. यंत्रांची चित्रं काढणारे एक साठीतले काका आहेत, त्यांनी पहिल्याच दिवशी मला 'मॉनिटर' करून टाकलं. मला आवडलं.

गुरुवार, ७ मार्च
घोडं कुठे अडतं ते सापडलं. मंडळी कामाकडे बघतच नाहीत, एकमेकांच्या घरांकडे बघतात. कुणाचं न आवरलेलं कपाट, काकांच्या मागे वाळत घातलेले सदरे. आजपासून माझा नियम: सगळ्यांनी मागचं धूसर करायचं. एक बटण दाबलं की प्रोग्राम माणूस तेवढा ओळखतो, त्याला स्पष्ट ठेवतो आणि बाकीचं पुसट करतो. काकांना ते जमेना, कुरकुर चालली होती. मीच फोनवर बसून त्यांच्याकडून करून घेतलं. मीटिंग चाळीस मिनिटांत संपली. साहेब खूश, आणि मी तर हवेत.

मंगळवार, १२ मार्च
काकांच्या धूसर खोलीत आज चार बोटं स्पष्ट दिसत होती. खुर्चीच्या पाठीवर ठेवलेली, लांबट. प्रोग्राम माणसाला पुसत नाही, तेव्हा मागे कुणीतरी उभं असणार. नंतर फोन करून मी काकांना चिडवलं, की काकूंना सांगा, एवढी राखण नको. ते म्हणाले की काकूंना जाऊन चार वर्षं झाली, घरात ते एकटेच असतात.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. प्रोग्रामची चूक, दुसरं काय.

शुक्रवार, १५ मार्च
काकांचा उजवा कान पुसट झाला, मग खांदा. उजेड कमी पडला की असं होतं, म्हणून त्यांना समोर दिवा लावायला सांगितलं. लावला, तर अर्धा चेहराच गेला. आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून दुसरं कुणीतरी लख्ख उभं. काका गमतीने सांगत होते की हल्ली दुकानदार त्यांना सोडून मागच्या गिऱ्हाइकाशीच बोलतो. सगळे हसले. मीसुद्धा हसले.

मंगळवार, १९ मार्च
काकांच्या खुर्चीत आज जे बसलं होतं ते काका नव्हते. सदरा तोच, आवाज तोच. पण कुरकुर नाही, थट्टा नाही, विचारलं तेवढ्याचंच उत्तर. त्याच्या मागे धूसर काहीतरी हलत होतं. मीटिंगमध्ये बोलायचं असलं की करतात तसा हात वर करत होतं. मी पाळी दिली. आवाज आला नाही.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले की काका कधी नव्हे ते मुद्द्याचं बोलले, मीटिंग अठरा मिनिटांत झाली, आणखी काय हवं?

गुरुवार, २१ मार्च
आणखी पाचजण. मीटिंग अकरा मिनिटं. मी हात जोडून सांगितलं, धूसर करणं बंद करा. सहा चेहरे एकदम हसले आणि म्हणाले की असंच बरं आहे. साहेबांनी नियम कायम ठेवला. नियम माझाच. काका, मी काय करून बसले!

शुक्रवार, २२ मार्च
बाराही गेले. साहेबसुद्धा. मीटिंग चार मिनिटं. प्रत्येकाच्या मागे एक पुसट हात वर.

माझ्या चौकटीत माझा डावा कान नाही. खुर्चीवर बोटं— वळून पाहिलं. भिंत. नुसती भिंत.

राजीनामा पाठवला. कॉम्प्युटर कपाटात कोंबला. ठकीला सांभाळायचंय मला, बाकी काही नको.

सोमवार, २५ मार्च
आरशातही कान नाही. गालही—

नवऱ्याचा फोन. मी बोलायच्या आधीच तो हसला. मग म्हणाला की आज तू किती दिवसांनी अशी मजेत बोलतेयस. मी तोंड उघडलं नव्हतं.

मंगळवार, २६ मार्च
ठकीला मी दिसते. अजून दिसते. वेणी घालताना तिने दोनदा माझ्या मागे पाहिलं. जवळ घेतलं तर म्हणाली की आई, तुझे हात लागतच नाहीत.

घट्ट धरलं. तरी म्हणाली, लागत नाहीत.

बुधवार, २७ मार्च
ठकी आली. माझ्या अंगावरून आत गेली. स्वयंपाकघरात कुणाच्या तरी गळ्यात पडून शाळेतलं सगळं सांगतेय. आई, आई करून—

मी ओरडले. तिने मान वळवली नाही.

आता इथे आलीये, टेबलाशी. विचारतेय की ही वही कुणाची. आतून उत्तर आलं, माझ्याच आवाजात, की कोरीच आहे, घे, चित्रं काढ.

खडू आणले तिने. लाल घेतला. पहिल्या पानापासून रंगवत येतेय—

ठकी, बाळा, वर बघ. एकदाच. मी इथे, तुझ्या समोर, मी तुझी—