तांब्याच्या तारेची किल्ली

गुरुवार, ९ ऑक्टोबर

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद. माझा गुडघा बरा आहे. सूनबाईंना सांग, शाल छान उबदार आहे.

मंगळवारची सकाळ काही डोळ्यांपुढून हलत नाही. दूध तापवलं, ओटा पुसला, तुझ्या वडिलांचा चष्मा उगाच पुसून जागेवर ठेवला आणि धुण्याची बादली घेऊन गच्चीत गेले. नेहमीसारखं कुलूप लावूनच. कपडे वाळत घालून उतरले, तर दार सताड उघडं.

आत घरमालक. तुझे वडील ज्याला साखरतोंड्या म्हणायचे, तोच. सोबत एक गवंडी. चपलांसकट यांच्या पलंगावर उभा राहून भिंत मोजत होता.

"अरेच्चा, काकू! तुम्ही अजून इथेच?"

"मग कुठे असणार? मेले असते तर कळलं असतं तुला."

"तसं नव्हे हो. खोली मोकळी होतेय, म्हटलं भिंत पाडून घ्यावी."

"कोण म्हणालं मोकळी होतेय?"

तो नुसता हसला. गवंडी म्हणाला, "बाई, मग पाडायची की नाही?"

"आधी खाली उतर. पलंग आहे तो, परांची नाही."

बिचारा उडी मारूनच उतरला.

मग मालकाच्या तोंडची साखर संपली. "काकू, किल्ली हातात आली म्हणजे ताबा आला. या वयात कोर्टकचेऱ्या झेपतील का? शनिवारी मजूर आणतो. सामान बांधून ठेवा."

मी बादली घट्ट धरली. म्हटलं, "घर तुझंच, नाही कोण म्हणतं? पण भाडेकरू मी आहे. हे गेले तेव्हा या खोलीत त्यांच्यासोबत मी राहत होते, म्हणून त्यांचा हक्क माझ्याकडे आला. मी सोडल्याशिवाय तुला ताबा कोणी देऊ शकत नाही. कोणीही." वाचनालयात बसून भाडे कायद्यातलं ते कलम वाचलं होतं, कळेपर्यंत वाचलं होतं.

"बघू," म्हणत, बोटावर किल्ली फिरवत तो जिना उतरला.

इथवर लिहून उठले, पाणी प्यायले.

त्या किल्लीला तांब्याची तार होती. आपल्या कुलपाला किल्ल्या दोनच. एक माझ्या कमरेला. दुसरीला हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी तुझ्या वडिलांनी तार गुंडाळली आणि तुझ्या हातात दिली. म्हणाले, "आईला कधी काही झालं, तर दार तोडावं लागू नये."

मालकाने तुला काय देऊ केलं, ते मी विचारणार नाही. मी जिना चढते म्हणून तुझा जीव वरखाली होतो, तेही खरं असेल. पण मला एकदा विचारलं असतंस, तर मी नाही म्हटलं असतं. म्हणूनच विचारलं नाहीस ना?

पोलीसचौकीत जाऊन मालकाची तक्रार दिली आहे. किल्ली कुठून आली ते साहेबांनी फिरवून फिरवून विचारलं. माहीत नाही म्हटलं. असं पुन्हा म्हणायला लावू नकोस.

शनिवारी तो येईल तेव्हा मी घरात असेन. तू आलास तर बरं वाटेल. दार वाजव, मी उघडीन.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत मी दाराला पाठ लावून बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप बदललं आणि दुसरी किल्ली शेजारच्या नर्सबाईंना दिली.

घरातच असलेली,
तुझी आई